कोकणात नव्याने राहायला आलात? अंगावर प्रसंग आला तर काय करायचं

हल्ली आमच्या किनारपट्टीवर नवीन माणसं बरीच दिसतात. कोणी चिऱ्याचं जुनं घर घेऊन दुरुस्त केलेलं, कोणी घरी बसून कंपनीचं काम करणारं, कोणी बँकेतून नाहीतर शाळेतून बदली होऊन आलेलं. आंब्याला खत कधी घालायचं, हे सगळे विचारतात. रात्री दोनला सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं तर गाडी कोणत्या दिशेला वळवायची, हे क्वचितच कोणी विचारतं. शहरात दवाखाना दोन चौकांवर असतो. इथे आधी पाखाडी, मग डांबरी रस्ता, मग फाटा आणि मग तालुका. त्यामुळे पहिला अर्धा-पाऊण तास तुमच्या आणि शेजाऱ्यांच्याच हातात आहे असं धरून चाला. त्या वेळी डोकं भराभर चालायला हवं असेल, तर निम्मे निर्णय आधीच घेऊन ठेवलेले बरे.

सामान लावून झालं की त्याच आठवड्यात

पहिलं काम पत्त्याचं. नकाशावरची टाचणी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला दरवेळी उपयोगी पडेलच असं नाही, कारण वाडीत रेंज नसते. शिवाय नावांचा घोळ असतो. मुरुड एक रायगडात आहे, दुसरं दापोली तालुक्यात. म्हणून फोनवर आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वाडी आणि शेवटी ठळक खूण, या क्रमाने बोलायचं. देऊळ, शाळा, साकव, एसटीचा थांबा अशी खूण धरा. ‘निळ्या गेटचं घर’ तुमच्याखेरीज कोणाला ठाऊक नसतं. हा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या मागे चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या वाडीचं नावसुद्धा आठवत नाही.

त्याच कागदावर नंबर लिहा. पोलीस, आग, रुग्णवाहिका अशा कुठल्याही संकटासाठी ११२. रुग्णवाहिकेसाठी थेट १०८. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. समुद्रात कोणी अडकलं तर तटरक्षक दलाचा १५५४. गॅस गळतीला १९०६, विजेच्या तक्रारीला १९१२. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीची असेल तर ११२ लागतो. तेव्हा ‘रेंज नाही’ म्हणून फोन खिशात ठेवून देऊ नका.

पण खरे कामाचे नंबर याच्या खाली येतात: गावचा वायरमन, पोलीस पाटील, आशाताई, जवळचा सर्पमित्र, आणि रात्री गाडी काढेल असा एक रिक्षावाला. हे नंबर इंटरनेटवर मिळत नाहीत. त्यासाठी गावात चार घरी चहा प्यावा लागतो. शेजारच्या काकूंशी कुंपणावरून तंटा घालण्याआधी एवढा विचार करा की रात्री पहिली हाक त्यांनाच मारायची आहे.

दुसरं काम दवाखान्याचं. प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कुठे आहे, तिथे रात्री डॉक्टर असतात का, सापावरची लस ठेवलेली असते का, हे स्वतः एकदा जाऊन विचारा. त्यापुढचं ठिकाणही ठरवून ठेवा. चिपळूणच्या बाजूची माणसं डेरवणला जातात. सावंतवाडी-दोडामार्गची गंभीर केस बरेचदा गोव्यात बांबोळीला नेतात. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला जिल्हा रुग्णालयं आहेत. एकदा दिवसा त्या रस्त्याने गाडी चालवून बघा. रात्री पावसात घाटाची वळणं पहिल्यांदा बघायची नसतात.

१०८ ला फोन केल्यावर गाडी कुठून निघणार आहे ते विचारा. ती चाळीस किलोमीटरवर असेल तर पेशंटला खासगी गाडीत घालून निघायचं आणि वाटेत गाठ घ्यायची, हे त्यांच्याशी बोलूनच ठरवता येतं. गाडी वाडीपर्यंत येणार असेल तर एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा. एवढ्यानेही वेळ वाचतो.

प्रसंग घडला त्या मिनिटाला

आधी स्वतः कुठे उभे आहात ते बघा. पायाखाली पाणी, वर तार, मागून गाडी? एकाला वाचवायला दुसरा जातो आणि दोघं जातात, असं इथे पाण्यात, विहिरीत आणि विजेच्या तारेवर होतं.

मग कामं वाटा, आणि नाव घेऊन वाटा. ‘कोणीतरी फोन करा रे’ म्हटलं की दहा जण एकमेकांकडे बघतात. ‘सुहासदादा, तुम्ही १०८ लावा. ताई, तुम्ही गेट उघडा’ म्हटलं की काम होतं. नाव माहीत नसेल तर शर्टाच्या रंगावरून सांगा.

माणूस बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर कुशीवर वळवा आणि तोंडात पाणी घालू नका. कांदा हुंगवण्यात वेळ जातो. हाकेला ओ नाही आणि श्वासही नीट नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवा आणि कोपरं ताठ ठेवून दोन इंच खोल दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. दमलात की दुसऱ्याला बसवा. हे वाचून पुरत नाही. कुठे प्रशिक्षण असेल तर अर्धा दिवस काढून हात बसवून घ्या.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत ओवा चघळत बसू नका. पेशंटला चालवू नका आणि त्यांना स्वतः गाडी चालवू देऊ नका. ईसीजी निघेल अशा जवळच्या ठिकाणी न्या.

समुद्र

यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण नवखे सगळ्यात बेफिकीर इथेच असतात. तलावात शिकलेलं पोहणं समुद्रात फारसं उपयोगी पडत नाही.

उतरण्याआधी पाच मिनिटं वाळूवर उभं राहून पाणी बघा. सगळीकडे पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि मधलाच एक पट्टा गुळगुळीत, जरा गडद दिसतोय, फेस आत चाललाय, तर ओढ तिथेच आहे. पाहुणे आंघोळीला नेमका तोच शांत पट्टा निवडतात. खाडीच्या तोंडाशी, त्यातही ओहोटी लागल्यावर, उतरायचंच नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाण्यात जायचा विषयच काढू नका. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मग होड्या काढतात. समुद्रावर जन्म काढलेली माणसं थांबतात, तर आपण थांबायला काय हरकत आहे?

ओढीत सापडलात तर असं करा. किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारू नका, त्यात माणूस दमतो आणि दमलेलाच बुडतो. उताणे पडा, तरंगा, एक हात वर करून ओरडा. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते, आणि लाटा फुटतात त्याच्या पलीकडे तिचा जोर बहुधा ओसरतो. मग किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका आणि जिथे लाटा फुटताहेत तिथून लाटेबरोबर बाहेर या.

दुसरा कोणी बुडत असेल तर उडी मारू नका. दोरी, टायरची ट्यूब, झाकण लावलेला पाण्याचा रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका. किनाऱ्यावर वॉटर स्पोर्ट्सवाले असतील तर त्यांच्याकडे जॅकेटं आणि बोट दोन्ही असतात, त्यांना हाक मारा. बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगणं, गरागरा फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे प्रकार अजून चालतात. त्यातलं काहीही करू नका. श्वास नसेल तर आधी तोंडावाटे श्वास द्या, मग छाती दाबायला लागा. माणूस उठून बसला, हसला, तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही होऊ शकतो.

भरतीची वेळ ओळखायचा जुना हिशोब इथे पोराटोरांना येतो: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी सगळ्यात वर चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ती कमी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. परतायची वेळ ठरवून आत जा, फोटो काढत बसलात तर पाणी थांबणार नाही. गाडी पुळणीवर घालण्याबद्दल काय सांगू? भरतीच्या पाण्यात चाकं रुतलेली मोटार आणि भोवती हताश मंडळी हे दृश्य दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर दिसतं.

उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, वाळूत दडलेलं पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, सरकून जातं. पाकटाचा किंवा शिंगाळा माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-एक तास बुडवून ठेवा, ठणका उतरतो. मग डॉक्टर. काटा खोल रुतला असेल तर उपटू नका. जेलीफिश लागली तर वाळूने चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा.

साप आणि विंचू

गडगा, लाकडांची रास, झावळ्यांचा ढीग, चिऱ्यांच्या फटी ही फुरशाची आवडती ठिकाणं. जेमतेम हातभर लांबीचा हा साप अंगाचे खवले घासून करकर आवाज काढतो. मातीच्या रंगात तो दिसतच नाही. अंधारात बॅटरीशिवाय आणि पायात काही घातल्याशिवाय अंगणातसुद्धा उतरू नका. ढिगात हात घालण्याआधी काठीने ढवळा.

चावला तर, क्रमाने:

१. सापापासून दूर व्हा. मारायला, पकडायला, फोटो काढायला जाऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते. ओळख पटवायची जबाबदारी तुमची नाही.

२. अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण लगेच काढा. सूज आली की निघत नाहीत.

३. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका. पेशंटला चालवू नका, उचलून न्या. चावल्याची वेळ लिहून ठेवा.

४. निघतानाच दवाखान्यात फोन करून लस आहे का विचारा. नसेल तर थेट पुढच्या ठिकाणी.

दोरी आवळणं, ब्लेडने चिरणं, तोंडाने विष ओढणं, बर्फ लावणं यातलं काहीच करायचं नाही. घरातल्या मोठ्यांना गाऱ्हाणं घालायला देवळात जायचं असेल तर त्यावर वाद नको. ते देवळात जाऊ देत, पेशंट मात्र त्याच क्षणी दवाखान्याच्या वाटेला लागला पाहिजे. तिथे रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून गोठतं का बघतात. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, आणि हे उशिराही दिसू शकतं. म्हणून ‘बरं वाटतंय, घरी जातो’ म्हणू नका. डॉक्टर चोवीस तास ठेवतात त्याला कारण आहे.

मण्यारीचा प्रकार वेगळा. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि बरेचदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा, जड पापण्या, अडखळती जीभ, घोट गिळता न येणं अशी लक्षणं दिसली तर रात्री खाल्लेल्या मच्छीला दोष देत बसू नका. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

लाल विंचू लहान मुलांना जास्त घातक. ठणक्यापेक्षा भरपूर घाम, उलटी, गार पडलेले हातपाय ही धोक्याची लक्षणं. या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुजवलं, आणि पूर्वी बरेचदा दगावणारी मुलं त्यामुळे वाचू लागली. औषध जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळू शकतं; तुम्ही फक्त उशीर करू नका.

घरातल्या आणि परड्यातल्या गोष्टी

घशात माशाचा काटा अडकला तर भाताचा गोळा गिळायचा सल्ला घरोघरी मिळतो. त्याने काटा आणखी रुतू शकतो. श्वास नीट चालू असेल तर शांतपणे डॉक्टरकडे जा. घास अडकून आवाजच फुटत नसेल तर मात्र क्षणाचाही वेळ नाही: पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरकस थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच हिसके, आत आणि वर. निघेपर्यंत आलटून पालटून.

नारळीवरून, आंब्यावरून माणूस पडला तर त्याला चौघांनी हातपाय धरून उचलायचं नाही. मानेला आणि कण्याला इजा असू शकते. डोकं-मान सरळ रेषेत धरून दारावर किंवा रुंद फळीवर घ्या.

एप्रिल-मेमध्ये विहिरी उपसतात. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो किंवा पंपाच्या इंजिनाचा धूर साठलेला असू शकतो. आत उतरलेला माणूस गप्प झाला तर मागोमाग कोणी उतरायचं नाही, भाऊ असला तरी. वरून दोरी सोडा, ११२ लावा. आत उतरणाऱ्याच्या कमरेला आधीच दोरी असेल तर वरच्यावर ओढून घेता येतो. ही दोरी बांधायला कामगार कंटाळतात, तुम्ही कंटाळू नका.

शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा. जुन्या घराचं वायरिंग बदलताना ३० मिलिअँपिअरचं गळती-रोधक उपकरण बसवून घ्या. इलेक्ट्रिशियन त्याला आरसीसीबी म्हणतो. कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी लावा. वादळात रस्त्यावर तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नका. लांब राहा, दोघांना रस्त्याच्या दोन टोकांना उभं करा, वायरमनला कळवा.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आणि कुठलंही बटण दाबू नका, लावायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो. फोन अंगणात जाऊन करा.

पाऊस, दरड, वादळ

मेच्या अखेरीचा वळीव आणि ऑक्टोबरचे गडगडाट यांत विजा पडतात. लखलखाट आणि गडगडाट यांत मोजून तीन सेकंद म्हणजे वीज साधारण एक किलोमीटरवर. अंतर तीस सेकंदांच्या आत आलं की पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत शिरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला बिनधास्त हात लावा, श्वास नसेल तर छाती दाबा.

पूर नुसत्या पावसाने येत नाही. वर घाटात कोसळतंय आणि खाली खाडीत उधाणाची भरती आहे, अशी गाठ पडली की पाण्याला निघायला वाट उरत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी असंच बघता बघता चढलं. त्यामुळे लाल इशारा असेल त्या दिवशी तिथी बघा, गाडी उंचावर लावा, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा. हे अंधार पडायच्या आत करा.

रस्त्यावर पाणी असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहत्या पाण्यात लहान मोटार तरंगायला लागते, दोन फुटांत मोठीही जाते. नदी पुलाला टेकलेली दिसली तर पुलावर जाऊच नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसट्या गेल्या. रात्री फाट्यावरच्या ओळखीच्या घरी मुक्काम करण्यात कमीपणा नाही.

डोंगराच्या कुशीतलं घर असेल तर पावसात आठवड्यातून एकदा मागची दरड बघून या. जमिनीला नव्या भेगा, झाडं कललेली, स्वच्छ पऱ्याचं (ओहोळाचं) पाणी अचानक गढूळ किंवा एकदम बंद, दारं चौकटीत अडकायला लागलेली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, उजेडात बाहेर पडा आणि १०७७ ला कळवा. दरडीखाली गाडली गेलेली तळिये आणि इर्शाळवाडी ही दोन्ही गावं रायगड जिल्ह्यातलीच.

चक्रीवादळाच्या वेळी ‘निसर्ग’चा अनुभव धरून तयारी करा. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आदळलं. पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, फोन बंद पडले आणि कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा पाणी, मेणबत्त्या, पॉवर बँक, रोख पैसे आणि रोजच्या गोळ्या आधी भरून ठेवा. पत्र्याखाली, माडाखाली थांबू नका. वारा अचानक पडला तर बाहेर धावू नका. वादळाचा डोळा माथ्यावरून जात असेल तर थोड्या वेळात उलट दिशेने तेवढाच वारा येतो.

पाणी ओसरल्यावर घरात शिरताना मेन स्विच बंद आहे ना ते बघा, काठी हातात ठेवा. कपाटाखाली, गादीत साप येऊन बसलेले असतात. भिंती ओल्या असेपर्यंत बटणं दाबू नका. विहिरीत टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग) पावडर टाकल्याशिवाय पाणी पिऊ नका. प्रमाण ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सांगतो. चिखल उपसताना गमबूट आणि हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की पुराच्या पाण्यात उतरलो होतो. त्यावरून ते लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, तपासणी लगेच करतील.